आयटीआयच्या समितीत दुकानदाराची खुर्ची रिकामी का?



मागच्या काही व्हिडिओंमध्ये तुम्ही गॅरेजवाला, फॅब्रिकेशनवाला, एसी दुरुस्तीवाला अशा बऱ्याच लोकांना बोलताना ऐकलंत. सगळ्यांचं रडगाणं एकच. "काम आहे हो, पण माणूस मिळत नाही. आयटीआयची पोरं येतात, त्यांना काही येत नाही." मी प्रत्येकाला कॅमेरा बंद झाल्यावर एक प्रश्न विचारला. तुमच्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये शेवटचं कधी गेला होतात? एक जण पुतण्याच्या ॲडमिशनला गेला होता, एक मतदानाला. बाकीच्यांनी कंपाउंडच्या आत पाऊलही टाकलेलं नाही.

म्हणजे बघा, ज्या ठिकाणाहून आपल्याला आयुष्यभर माणसं लागणार आहेत, ते ठिकाण आपण रस्त्यावरून जाता-येता बघतो आणि नावं ठेवतो. माल खराब येतोय म्हणून होलसेलरशी भांडायला आपण पन्नास किलोमीटर जातो. इथे दोन किलोमीटर जात नाही.

माझं मत सरळ आहे. सरकारी आयटीआयच्या व्यवस्थापन समितीत छोट्या धंदेवाल्याने बसलं पाहिजे. फुकट, स्वतःच्या वेळेत, आणि बसून स्वतःच्या दुकानाला थेट फायदा होणार नाही हे माहीत असताना. मी गेली तीन वर्षं आमच्या तालुक्यात बसतोय, म्हणून हे लिहितोय. विषय लांब आहे, व्हिडिओत बसत नाही.

आधी ही समिती काय भानगड आहे ते समजून घ्या, कारण बहुतेकांना ती आहे हेच माहीत नसतं. केंद्र सरकारने २००७-०८ पासून देशातले १,३९६ सरकारी आयटीआय सार्वजनिक-खाजगी भागीदारीत सुधारायची योजना आणली. प्रत्येक आयटीआयला एक उद्योग-भागीदार जोडायचा, एक संस्था व्यवस्थापन समिती बनवायची आणि ती संस्था नोंदणी कायद्याखाली रजिस्टर करायची. अध्यक्ष उद्योग-भागीदाराचा. त्याने सुचवलेले स्थानिक उद्योगातले चार सदस्य. राज्य सरकारच्या बाजूचे पाच, आणि प्राचार्य सदस्य सचिव. त्या समितीला केंद्राने अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज दिलं. पहिली दहा वर्षं हप्ता नाही, त्यानंतर वीस वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेड.

"बिनव्याजी" म्हटलं की आपल्याकडे लोकांना ते "फुकट" ऐकू येतं. हिशोब करा. अडीच कोटी भागिले वीस, म्हणजे वर्षाला साडेबारा लाख. पूर्ण कर्ज उचललेल्या समितीला मूळ अटींप्रमाणे दरवर्षी एवढे पैसे बाजूला काढता आले पाहिजेत. ते येणार कुठून? छोटे कोर्स, समितीच्या जागांची फी, वर्कशॉपमध्ये घेतलेली बाहेरची कामं. ज्याने स्वतः कर्ज काढून दुकान टाकलंय त्याला हे बघताक्षणी कळतं. मोठ्या कंपनीचा एचआर मॅनेजर हुशार असतो, पण त्याने आयुष्यात स्वतःच्या खिशातून हप्ता भरून धंदा चालवलेला नसतो. त्याची बदली झाली की तो जातो, आणि त्याच्या जागी आलेला पहिल्या बैठकीत विचारतो की ही समिती नक्की काय करते.

आता ते चार स्थानिक सदस्य. नियमात "स्थानिक उद्योग" म्हटलंय. आपल्याकडे त्याचा अर्थ एमआयडीसीतले कारखानदार असा धरला जातो. पण तालुक्याच्या आयटीआयतून बाहेर पडलेली मुलं जातात कुठे? काही एमआयडीसीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागतात, वर्ष काढतात, आणि त्यातली बरीच परत गावी येतात. मग ती तुमच्याकडे-माझ्याकडे येतात. वायरिंगच्या ठेकेदाराकडे, मोटर भरणाऱ्याकडे, ग्रिल-गेट बनवणाऱ्याकडे, ट्रॅक्टरच्या गॅरेजला. म्हणजे खरा "स्थानिक उद्योग" आपणच, आणि समितीत आपणच नाही.

(एक अवांतर. आयटीआयच्या जुन्या बोर्डांवर ट्रेडची मराठी नावं असतात ती एकदा वाचा. इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री, वायरमनला तारतंत्री, फिटरला जोडारी, वेल्डरला संधाता, टर्नरला कातारी. मला ही नावं फार आवडतात. दुकानात कुणी "मी संधाता आहे" म्हणत नाही ते सोडा, पण म्हटलं तर मी त्याला चहा पाजीन.)

बैठकीत काय करायचं असतं? अभ्यासक्रम बदलणं आपल्या हातात नाही, तो देशपातळीवर ठरतो. शिक्षक नेमणं, बदली करणं हे सरकारचं. हे आधीच डोक्यात स्पष्ट ठेवा, नाहीतर पहिल्याच बैठकीत "हा कोर्स बंद करा, तो चालू करा" असं भाषण द्याल आणि प्राचार्य नुसते हसतील. इंग्लंडमध्ये अशा व्यवसाय-शिक्षणाच्या कॉलेजांवर गव्हर्नर असतात, तेही सहसा बिनपगारी, स्थानिक धंद्यातले, त्यांच्यासोबत विद्यार्थी आणि शिक्षकांचे प्रतिनिधी. तिकडची कॉलेजं १९९३ पासून स्थानिक सरकारच्या ताब्यातून निघून स्वतंत्र झाली, त्यामुळे तिथलं मंडळ प्राचार्यसुद्धा नेमतं आणि वर्षाचं बजेटही मंजूर करतं. आपल्याकडे एवढे अधिकार नाहीत. पण जे आहेत ते कमी नाहीत. समितीचा पैसा कुठे खर्च करायचा, कोणते छोटे कोर्स चालवायचे, मुलांना कुठे कामावर पाठवायचं, आणि नियमाप्रमाणे २० टक्क्यांपर्यंत जागांचे प्रवेश. शिवाय प्रश्न विचारण्याचा अधिकार. तो मी सगळ्यात वर धरतो.

पहिल्या वर्षी मी जवळजवळ फक्त प्रश्न विचारले. तुम्हीही तेच करा. प्लेसमेंटचा आकडा ठेवला की विचारा, "सहा महिन्यांनी यातले किती टिकले?" वर्कशॉपमध्ये जा आणि विचारा, "यातलं चालू काय आहे?" आमच्याकडे वीजतंत्रीच्या अख्ख्या बॅचला दोनच मेगर चालू होते. ज्या मुलाने मेगर हातात धरला नाही तो शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटर जळाली की नाही हे सांगणार कसं? मग तो माझ्याकडे येतो, आणि मी म्हणतो की आयटीआयवाल्यांना काही येत नाही. मेगर महाग वस्तू नाही. पण ती मागणी कुणीतरी बैठकीत मांडावी लागते, इतिवृत्तात यावी लागते आणि पुढच्या बैठकीत तिचं काय झालं हे विचारावं लागतं. इन्स्ट्रक्टर मांडतात, पण त्यांचं म्हणणं वर पोचेपर्यंत वर्ष जातं. बाहेरच्या सदस्याने तोच मुद्दा मांडला की पुढच्या तिमाहीत वस्तू येते. हे चूक की बरोबर मला माहीत नाही, पण होतं असं.

दुसरं उदाहरण जळक्या मोटरींचं. माझ्या दुकानाच्या मागे न भरण्यासारख्या चौदा मोटरी पडून होत्या, भंगारात जाणार होत्या. म्हटलं, पोरांना उघडून शिकायला द्याव्यात. द्यायला तयार, घ्यायला तयार, पण नोंद कुठे करायची यावर महिना गेला. जडवस्तू नोंदवहीत घ्यायच्या तर किंमत काय दाखवायची? तुम्हाला हसू येईल, मलाही आलं. पण सरकारी ठिकाणी नोंदीशिवाय वस्तू आत आली तर उद्या ती बाहेर जातानाही कुणी विचारणार नाही, हेही खरं आहे. शेवटी देणगी म्हणून रीतसर पत्र दिलं, मोटरी आत गेल्या. आता त्या इतक्या वेळा उघडल्यात की स्क्रूचे आटे गेलेत, आणि तेच हवं होतं.

आता जरा अवघड भाग. तो नाही सांगितला तर हा लेख म्हणजे नुसतं "समाजसेवा करा" होईल.

माझं दुकान इलेक्ट्रिकल सामानाचं आणि पंपांचं. महाराष्ट्रात २०२४ पासून "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजना चालू आहे, त्याआधी केंद्राची कुसुम होतीच. शेतकऱ्याने साधारण १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. आमच्या भागात शेतात पॅनल दिसायला लागले, पण बिघाड झाला की बघणारा माणूस जवळ नाही. मी समितीत मांडलं की आपण एक सौर पंप संच प्रात्यक्षिकासाठी बसवू आणि त्याच्या दुरुस्तीचा छोटा कोर्स चालवू. अध्यक्षांच्या कंपनीला कारखान्यातल्या ऑटोमेशनचं ट्रेनिंग पॅनल हवं होतं. दोन्ही मागण्या रास्त, पैसे एकाचेच. दोन बैठका यावर गेल्या. मी एकच गोष्ट पुढे केली. आमच्या बाजारपेठेत गेल्या वर्षभरात कोणत्या कामासाठी माणसं शोधली गेली याची हाताने लिहिलेली यादी, बत्तीस दुकानदारांना विचारून केलेली. अध्यक्ष मोठ्या मनाचे, ते म्हणाले पंप आधी घेऊ, पॅनल पुढच्या वर्षी.

पंप घ्यायचा ठरला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण तालुक्यात पंप विकणारा मी. "तुम्हीच द्या की, कोटेशन काय, तीन करून टाकू." हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल, लिहून ठेवा. म्हणणारा वाईट हेतूने म्हणत नाही, त्याला काम लवकर उरकायचं असतं. मी म्हटलं, माझं दुकान यात कोटेशन देणार नाही, हे इतिवृत्तात लिहा, आणि खरेदीच्या चर्चेपुरतं मी बाहेर बसतो. बाहेर बसलो. पंप शेजारच्या तालुक्यातल्या डीलरकडून आला. घरी वडिलांनी जेवताना ऐकवलं, "समितीत बसून धंदा दुसऱ्याच्या घरी घातलास." त्यांचं दुकान होतं ते, त्यांना बोलायचा हक्क आहे. मी उत्तर दिलं नाही.

पण तुम्हाला उत्तर देतो. मी पंप दिला असता तर अगदी योग्य दरात दिला असता. तरीसुद्धा त्या दिवसानंतर मेगरचा, कच्च्या मालाचा, कशाचाही प्रश्न मी विचारला असता तर समोरच्याच्या मनात एकच आलं असतं, याला आता काय विकायचंय? एका पंपाच्या मार्जिनमध्ये माझी प्रश्न विचारायची ताकद गेली असती. शिवाय बाजारपेठ लहान असते. कुणाचा माल कुठे गेला हे हमालाला आधी कळतं. मी एका ठिकाणी, नाव घेत नाही, असंही बघितलंय की सदस्याच्या दुकानातूनच वर्षानुवर्षं कच्चा माल येतोय आणि मुलांना वेल्डिंगच्या सरावाला पट्ट्या मोजून देतात. कोण कुणाला विचारणार?

म्हणून ज्याला समितीत शिरून सप्लाय मिळवायचा आहे त्याने शिरू नये. सरळ टेंडर भरावं, तो स्वच्छ धंदा आहे. दोन्ही एकदम करता येत नाही.

प्रवेशाचं दुखणं वेगळंच. समितीच्या जागा आहेत हे कळलं की जून-जुलैमध्ये तुमचा फोन वाजायला लागतो. मामा, मेव्हणे, जुने गिऱ्हाईक, ज्याच्याकडे उधारी अडकलीय तो, ज्याची उधारी आपल्याकडे आहे तो. "एवढं वीजतंत्रीला बघा." यावर माझा उपाय साधा आहे. आलेल्या अर्जांची गुणांनुसार यादी बोर्डावर लावायची, आणि मी ती यादी मोबाइलमध्ये ठेवतो. फोन आला की यादी पाठवतो. दोन गिऱ्हाईकं तुटली. एक परत आलं, कारण केबल माझ्याकडेच स्वस्त मिळते.

वेळेचं विचाराल तर आमच्याकडे तीन महिन्यांतून एक बैठक, आणि मधूनमधून माझ्या दोन-तीन चकरा. वर्षाचे दहा-बारा अर्धे दिवस धरा. दुकानात मागे बघणारा माणूस नसेल तर जमणार नाही, स्पष्ट सांगतो. ज्याचं दुकान टाकून सहा महिने झालेत त्याने हा लेख वाचावा आणि बाजूला ठेवावा. आधी स्वतःचं बस्तान बसवा. तीन-चार वर्षं झाली, गल्ल्यावर घरचं कुणी बसू शकतं, अशांनी विचार करावा.

अजून एक ऐकायला मिळतं, "त्या समित्या कागदावरच असतात." काही ठिकाणी असतात. बैठक झालेलीच नसते आणि शिपाई इतिवृत्त घेऊन सहीला दुकानात येतो. अशा कागदावर सही करू नका. जो बैठकीला नव्हता त्याने हजेरीची सही केली की कर्ज, हप्ता, खरेदी सगळ्याला त्याचीही मान डोलली असा अर्थ होतो. ती नोंदणीकृत संस्था आहे, तुम्ही तिचे पदाधिकारी आहात, सत्यनारायणाच्या पूजेची वर्गणी नाही ती. ऑडिट झालेला ताळेबंद मागा. बीबीएला तीन वर्षं ताळेबंद शिकून मला जेवढं कळलं नाही तेवढं आयटीआयच्या एका ताळेबंदातून कळलं. पैसा ठेवीत पडून आहे आणि वर्कशॉपमध्ये लेथ बंद आहे, हे आकड्यांत दिसतं.

आणि हो, फायदा काहीच नाही का? आहे, पण तो आडवळणाने येतो. मला नवीन ट्रेड, नवीन मशीन, नवीन योजना इतरांच्या आधी कळतात. मोठ्या कंपनीची माणसं खरेदी कशी ठरवतात, अजेंडा कसा लिहितात, "नाही" कसं म्हणतात हे समोर बसून शिकायला मिळतं. आणि शिकाऊ उमेदवारी कायदा मला नीट कळला तो तिथेच. १९६१ चा कायदा, पण आजच्या नियमांप्रमाणे चार किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेलाही शिकाऊ उमेदवार घेता येतो, तीस किंवा जास्त असतील तर घ्यावेच लागतात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिना कमाल १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. हे पोर्टलवर रीतसर करार करून. "शिकायला ठेवलाय" म्हणून पोराला वर्षभर फुकट राबवणं म्हणजे शिकाऊ उमेदवारी नव्हे, आणि समितीतल्या माणसाने तर ते अजिबात करू नये.

आत्ता घाई का करतोय तेही सांगतो. २०२५ मध्ये केंद्राने १,००० सरकारी आयटीआयसाठी ६०,००० कोटींची नवी योजना मंजूर केली आहे, उद्योगांच्या पुढाकाराने चालवायची. मोठा पैसा म्हणजे मोठा उद्योग-भागीदार. तो येऊ दे, त्याच्याकडे मशीन आहे, नोकऱ्या आहेत. पण टेबलाभोवती सगळे त्याचेच बसले तर आयटीआय त्या एका कारखान्याचं भरती केंद्र होईल, आणि तालुक्यातल्या मोटरी, गेट, ट्रॅक्टर, फ्रिज दुरुस्त करायला कोण तयार करायचं हा प्रश्न अजेंड्यावर येणारच नाही. जागा भरल्यावर ओरडून उपयोग नसतो.

तर सुरुवात अशी करा. आधी समितीचं नाव न काढता प्राचार्यांना भेटा, वर्कशॉप बघू द्या म्हणा. एखाद्या शनिवारी मुलांना गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, अंदाजपत्रक कसं द्यायचं यावर तासभर बोलायची तयारी दाखवा. मग विचारा की समितीची मुदत कधी संपते, उद्योग-भागीदार कोण आहे आणि स्थानिक सदस्यांची नावं कोण सुचवतं. व्यापारी संघटनेच्या लेटरहेडवर शिफारस घ्या, एकट्याच्या अर्जापेक्षा तिला वजन असतं. तुमच्या आयटीआयला अशी समिती नसेल तर ज्या कॉलेजात शिकलात तिथे बघा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे महाविद्यालय विकास समितीत चार स्थानिक सदस्य असतात, शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतले, आणि त्यात किमान एक माजी विद्यार्थी लागतो.

पत्रात तुमच्या दुकानाचा व्यवसाय काय, तुम्ही काय विकता, हे पहिल्या परिच्छेदात लिहा. आणि त्याखालीच लिहा की सदस्य असेपर्यंत माझं दुकान संस्थेला काहीही विकणार नाही. आमच्या प्राचार्यांनी माझं पत्र तिथवर वाचलं आणि खुर्ची पुढे सरकवली.